आधी धृपद, मग कीर्तन

वाचकहो, आपल्याकडे ‘सभाधीट’ हा शब्द कौतुकाने वापरतात. मूल चारचौघांत न अडखळता बोलले की आईबापांची मान उंचावते. शाळेच्या संमेलनात, गावच्या गणेशोत्सवात, आता अगदी सप्ताहाच्या मंडपातही सभाधीट मुलांना आपण पुढे करतो. ज्यांचे पाय लटपटतात, घसा कोरडा पडतो, पाठ असलेला अभंग ऐनवेळी आठवत नाही, त्यांना मागे बसवतो. त्यांच्याजवळ काही नव्हतेच, असे हळूहळू आपल्यालाही वाटू लागते आणि त्यांनाही.

या मागे बसलेल्यांच्या बाजूने आज एक अभंग आपल्यासोबत वाचावासा वाटतो. तुकोबारायांनी संतांच्या विचारण्यावरून स्वतःची हकिकत ज्यात सांगितली, तो हा आत्मचरित्रपर अभंग. आपण तो शेकडो वेळा ऐकला असेल. प्रवचनात तो बहुधा चरित्राचा पुरावा म्हणून येतो. दुष्काळ कधी पडला, घरात काय घडले, वह्या का बुडाल्या, एवढे काढून घेतले की अभंग बाजूला पडतो. मधले तीन-चार चरण आपण घाईने ओलांडतो, आणि त्याच चरणांत एक माणूस लोकांसमोर उभा राहायला कसा शिकला, याची हकिकत आहे.

पहिली गोष्ट अभंगाच्या तोंडालाच घडते. तुकोबाराय आपली जात सांगतात, आपण व्यापार केला हे सांगतात, घरात देव कुळपरंपरेने पूजिला जातो हे सांगतात. मग म्हणतात की हे खरे तर बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारले, म्हणून शब्द पाळतो. चरणांचा हा क्रम ध्यानात घ्या. ज्या गोष्टीवरून लोक बोट दाखवणार, ती त्यांनी पहिल्या श्वासात स्वतः सांगून टाकली. सतराव्या शतकात वेदार्थ कोणी सांगावा, कोणी सांगू नये यावरून वाद पेटत होते. अशा काळात जात लपवून किंवा निदान तिचा उल्लेख टाळून बोलणे सोयीचे होते. तुकोबांनी ती सोय घेतली नाही. चारचौघांत उभे राहण्याच्या भीतीचे मूळ पुष्कळदा इथे असते. आपल्यातले काहीतरी उघडे पडेल, हा धाक असतो. झाकून ठेवलेले जोवर आहे तोवर धाकही आहे. जे आपणच उघडे केले, त्याचा धाक कोण दाखवणार?

त्यानंतर घरादाराची कहाणी येते. आईवडील गेले. १६३० च्या सुमारास दख्खनेत जो भीषण दुष्काळ पडला, त्यात पैसा आटला आणि पैशाबरोबर मानही गेला. एक पत्नी अन्नावाचून गेली. धंद्याला खोट आली. या ठिकाणी तुकोबाराय एक शब्द वापरतात, ‘लज्जा’. या दुःखाने जीवाला लाज वाटू लागली, असे ते सांगतात. उपाशी मेलेल्या माणसाचे दुःख आपण समजू शकतो. लाज कशाची, असा प्रश्न पडेल. पण ज्याने बाजारात दुकान मांडले आहे आणि ज्याचे दुकान बुडाले आहे, त्याला विचारा. दिवाळे निघालेला माणूस रस्त्याने खाली मान घालून जातो. समोरून येणारा प्रत्येक जण आपल्याकडेच बघतो आहे, असे त्याला वाटते. लोकांच्या नजरेची भीती तुकोबांना मंडपात उभे राहण्याच्या कितीतरी आधी, भर बाजारपेठेत भेटली होती.

आता याच अभंगात थोडे पुढे ‘लाज’ हा शब्द पुन्हा येतो. तिथे ते सांगतात की संतांचे चरणतीर्थ घेताना मनात लाज येऊ दिली नाही. एका अभंगात एकच शब्द दोनदा आला. पहिल्या वेळी लाजेने माणसाला घेरले आहे, दुसऱ्या वेळी त्याने तिला दारातच अडवले आहे. या दोन ठिकाणांच्या मध्ये काय झाले, हे वाचले की आपल्या विषयाचे उत्तर हाती येते.

मध्ये चार पायऱ्या आहेत. पहिली, मोडकळीला आलेले देवाचे देऊळ नीट करावे असे मनात आले. म्हणजे सुरुवात हातांच्या कामापासून झाली. तोंड उघडण्याचा प्रश्न अजून आलेला नाही. दुसरी पायरी, एकादशीला कीर्तन करू लागलो. पण इथे ते लगेच जोडतात की तोवर मनाला अभ्यासाची सवय नव्हती. आपण म्हणतो, आधी पुरती तयारी होऊ दे, मग उभा राहीन. आणि ती तयारी आयुष्यभर पुरी होत नाही. तुकोबांनी तयारी पुरी होण्याची वाट पाहिली नाही. एकादशी आली, उभे राहिले. तिसरी पायरी, संतांची काही वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली. चौथी पायरी, पुढे जे गात होते त्यांच्या मागे धृपद धरले.

माझ्या मते या चौथ्या पायरीवर अभंगाचा सगळा भार आहे, आणि ती आपण सर्वांत कमी वाचतो. ज्यांच्या वाणीवर आज महाराष्ट्रभर कीर्तने उभी राहतात, ते स्वतः टाळकऱ्यांच्या रांगेत उभे होते. पुढचा चरण म्हणणार, मागचे धृपद उचलणार. धृपद म्हणणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. त्याचा सूर जरा हलला तरी शेजारच्याचा सूर त्याला सांभाळून घेतो. शब्द चुकला तर दहा तोंडांतून योग्य शब्द त्याच्या कानावर पडतो आणि पुढच्या खेपेला तो आपोआप सुधारतो. असा माणूस लोकांना दिसत असतो, पण एकटा दिसत नाही. भित्र्या माणसाला याहून मायाळू शाळा कुठली मिळणार?

वारकरी कीर्तनाची बांधणी या दृष्टीने एकदा पाहा. नारदीय परंपरेत पूर्वरंग आणि उत्तररंग यांचा भार एका कीर्तनकारावर असतो, साथीला पेटी-तबला असतो. वारकरी कीर्तनात कीर्तनकाराच्या मागे टाळकऱ्यांची फळी असते, एका बाजूला पखवाज असतो, गळ्यात वीणा घेतलेले विणेकरी असतात. नव्या कीर्तनकाराला पुढचे प्रमाण आठवेना झाले तर मागून कोणीतरी चाल उचलतो. टाळ वाजू लागतात, भजन रंगते, आणि तेवढ्या अवधीत त्या पोराच्या जीवात जीव येतो. बसलेल्या श्रोत्यांना यातले काही कळतही नाही. ही रचना गाण्याच्या सोयीसाठी झाली असेल, पण तिच्यात माणसाच्या भीतीचा विचार आपसूक झाला आहे. बोलणारा इथे कधीच एकटा पडत नाही. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, त्या पाठशाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी असो किंवा गावात ऐकून ऐकून तयार झालेला असो, टाळ धरून मागे उभे राहण्याची वर्षे त्याच्या पाठीशी असतात.

आता श्रोत्यांकडे वळू. भीती घालवण्यासाठी एक उपाय सर्रास सांगितला जातो. समोर कोणी बसलेलेच नाही असे समजावे, किंवा बसलेले सगळे दगड आहेत असे मानावे. थोडा वेळ याचा उपयोग होत असेल. पण ज्यांना दगड मानले त्यांच्याशी बोलायचे काय, हा प्रश्न उरतो. ज्ञानोबामाउलींनी नेमके उलट केले आहे. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे फक्त लक्ष मागतात, आणि ते मागताना स्वतःचा लाडिक हक्क सांगतात. जाणत्यांच्या सभेत उभे आहोत हे ते विसरत नाहीत. त्या जाणत्यांनाच ते माहेर मानतात. सासरी बोलताना जी मुलगी शब्द तोलून बोलते, तीच माहेरच्या ओसरीवर मोकळी होते. मुलगी तीच असते, समोरची माणसे बदललेली असतात. माउलींनी समोरची माणसे तीच ठेवून त्यांच्याशी असलेले नाते बदलले. कीर्तनकार श्रोत्यांना ‘मायबाप’ म्हणतो तेव्हा ती नुसती रीत नसते. ज्याला ती खऱ्या अर्थाने म्हणता आली, त्याची अर्धी भीती तिथेच उतरते.

इथे एक शंका आपल्या मनात येईल. सगळेच श्रोते मायबाप नसतात. काही जण चूक शोधायलाच बसलेले असतात, आणि काहींच्या मते तर या माणसाने, या बाईने उभेच राहू नये. अशा वेळी काय करायचे? या शंकेला संतांनी बगल दिलेली नाही.

जनाबाईंच्या नावावरचा तो प्रसिद्ध अभंग आठवा. डोक्यावरचा पदर ढळला तरी भर बाजारातून जाईन, हाती टाळ आणि खांद्यावर वीणा घेईन, मला आता अडवणारे कोण, असे त्या विचारतात. आज हा अभंग बंडाचा म्हणून वाचला जातो, आणि तसा तो आहेही. पण तेवढ्यावर थांबलो तर त्याची शेवटची ओळ हातातून निसटते. बाजार अशा स्त्रीला जे सर्वांत हलके नाव ठेवेल, ते नाव जनाबाई शेवटी स्वतःच स्वतःला लावतात आणि देवाच्या घराकडे चालू लागतात. बाजाराने मारायला दगड उचलावा आणि पाहावे तर तो दगड तिने आधीच मागून घेतलेला असावा! तुकोबांनी पहिल्या चरणात जात सांगितली आणि जनाबाईंनी शेवटच्या चरणात हे नाव घेतले. दोन्ही कृतींचे मर्म एकच आहे.

दुसरी गोष्टही पाहण्यासारखी आहे. या अभंगातले बोलणे बाजाराशी चाललेलेच नाही. ते देवाशी चालले आहे. बाजार हा फक्त वाट आहे. दळता-कांडताना ज्या देवाशी बोलत होत्या, त्याच देवाशी जनाबाई बाजारातही बोलत आहेत. जागा बदलली, पण ऐकणारा बदलला नाही. मग भीती कोणाची धरायची?

तरीही एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. लोकांसमोर येण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. बहिणाबाई शिऊरकरांचे आत्मनिवेदनपर अभंग वाचा. कीर्तनाची ओढ, तुकोबांचा ध्यास आणि त्यापायी पतीचा मार, हे सारे त्यांनी लिहून ठेवले आहे. लोक त्यांना पाहायला येऊ लागले, आणि ते लोकांचे येणेच घरात दुःखाचे कारण झाले. पुरुषाच्या बाबतीत भीती पुष्कळदा मनातली असते. बहिणाबाईंच्या बाबतीत ती घराच्या उंबऱ्यात उभी होती. म्हणून एखादी मुलगी, एखादी सून भजनात आवाज काढत नसेल तर ‘तिला सभाधीटपणा नाही’ असे म्हणण्याआधी तिच्या घरात, तिच्या गावात तिच्या आवाजाला जागा किती आहे, हे विचारावे. काही भीती मनातून काढायच्या असतात, काही भीती आजूबाजूच्यांनी काढायच्या असतात.

पुन्हा तुकोबांच्या अभंगाकडे येऊ. धृपद धरले, चरणतीर्थ घेतले, शरीर कष्टवले, सग्यासोयऱ्यांचे ऐकले नाही, खऱ्या-खोट्याला मनाची साक्ष काढली आणि बहुतांचे मत मानले नाही. मग स्वप्नात गुरूपदेश झाला आणि कवित्व स्फुरले. एखाद्या यशोगाथेत इथे शेवट झाला असता. भीती संपली, माणूस जिंकला, टाळ्या! तुकोबांचा अभंग इथे थांबत नाही. ते सांगतात की निषेधाचा आघात झाला आणि त्याने मन दुखावले. वह्या बुडवल्या, धरणे धरून बसलो, नारायणाने समाधान केले. एवढा उंचीला पोचलेला माणूस आपले मन दुखावल्याचे लपवत नाही. आणि घाव कोणी घातला त्याचे नावही या अभंगात घेत नाही. एकदा धीर आला की तो कायमचा टिकतो, अशी समजूत ज्यांची असेल त्यांनी हा चरण पुन्हा पुन्हा वाचावा. धीर मोडतो. पहिल्यांदा उभे राहताना जेवढे बळ लागते, त्याहून अधिक बळ मोडल्यावर पुन्हा उभे राहताना लागते. ते तुकोबांनी स्वतःपाशी शोधले नाही, देवाच्या दारात बसून मागितले.

अभंगाच्या अखेरीस ते म्हणतात की माझे सारे भांडवल एवढेच, पांडुरंगाने बोलवले ते बोल. ‘भांडवल’ हा शब्द पाहा. तो बाजारातला शब्द आहे. ज्याचे बाजारातले भांडवल दुष्काळात बुडाले आणि त्या बुडण्याची ज्याला लाज वाटली, तोच माणूस अभंगाच्या शेवटी आपल्या भांडवलाचा हिशेब देतो आहे. आणि त्या हिशेबात स्वतःच्या मालकीचे काही नाही. शब्द दुसऱ्याचे, बोलवणारा दुसरा. मग तोटा आला तर कोणाचा? ज्याच्या गाठीला स्वतःचे काही नाही, त्याला लुटले जाण्याची भीती नसते. सभाधीट माणूस स्वतःच्या बळावर उभा असतो, म्हणून त्याला सतत स्वतःला सांभाळावे लागते. तुकोबांना ते करावे लागत नाही.

म्हणूनच त्यांचा दुसरा एक अभंग इथे शेजारी ठेवावा. कीर्तनकाराने काय करू नये, हे त्यात सांगितले आहे. जिथे कीर्तन करावे तिथे जेवू नये, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात हार घालून घेऊ नये, जनावरासाठी दाणावैरणही मागू नये, आणि द्रव्य घेणे-देणे तर दोघांनाही नरकात नेणारे. हा अभंग आपण लोभाविरुद्धचा म्हणून ऐकतो. मला त्यात भीतीवरचे औषधही दिसते. लोकांसमोर आपण का घाबरतो? मान मिळेल की जाईल, या हिशेबाने घाबरतो. हाराची अपेक्षा धरून जो उभा राहतो, त्याला हार न मिळण्याचे भय असणारच. ज्याने हार आधीच नाकारला, त्याच्याकडून काय काढून घेणार? भिऊन मागे बसणे आणि हारासाठी पुढे पुढे करणे ही वरवर पाहता दोन टोके वाटतात. मुळाशी दोघांचेही डोळे एकाच गोष्टीवर असतात, लोक मला काय म्हणतात!

वाचकहो, आज हे बोलावे लागते, कारण आपल्या मंडपांत उजेड वाढला आहे. ध्वनिक्षेपक मोठे झाले, समोर मोबाईल उंचावलेले असतात, कीर्तनातला एखादा विनोद तासाभरात गावोगाव पोचतो. त्यामुळे नाम दूरवर जाते, याचा आनंद आहेच. पण नव्या मुलाला आपण नकळत शिकवतो की चांगला दिसलास, लोक हसले, चित्रफीत पसरली की कीर्तन झाले. काहींची भीती यामुळे वाढते, काहींची नको इतकी कमी होते. दोघांचेही धृपद सुटते. मागच्या रांगेत वर्षानुवर्षे उभे राहिल्याशिवाय पुढे आलेल्या मुलाला मागे उभे असलेल्यांची आठवण राहत नाही, आणि ऐनवेळी शब्द अडला की मागे वळून पाहायचे असते हेही त्याला ठाऊक नसते.

आपल्या गावच्या पुढच्या सप्ताहात एवढेच करून पाहावे. ज्याला भीती वाटते त्याला एकदम ध्वनिक्षेपकापुढे ढकलू नये, आणि तुझे काम नव्हे म्हणून घरीही बसवू नये. त्याच्या हातात टाळ द्यावा. हरिपाठाच्या रांगेत दोन जाणत्यांच्या मध्ये उभे करावे. चार-दोन अभंग आदराने पाठ करायला सांगावे. एकादशी आली की त्याला एक चरण म्हणू द्यावा, आणि तो चुकला तर हसू न आणता मागून धृपद उचलावे. घरच्या सुनेला, लेकीला, शाळा न पाहिलेल्या आजींनाही हेच. वारीत साठीची बाई दिंडीच्या विसाव्यावर फुगडी घालते, तेव्हा तिला कोणी सभाधीटपणाचे धडे दिलेले नसतात. सोबत चालणाऱ्यांनी तिला सांभाळून घेतलेले असते, आणि आपल्याकडे पाहणारा एकच आहे, कमरेवर हात ठेवून उभा असलेला, हे तिला माहीत असते.

आणि आपण स्वतः मागे बसणाऱ्यांपैकी असाल तर तुकोबारायांचा तो अभंग आज रात्री पुन्हा एकदा सावकाश वाचा. लाज कुठे आली आणि कुठे अडवली गेली, या दोन जागांवर बोट ठेवा. मधल्या चार पायऱ्या मोजा. त्यांतली एक तरी आपल्या पायाखालची निघेल. तिथून पुढची पायरी फार उंच नाही.

रामकृष्ण हरी.